दोन प्रती होत्या, तरी डेटा गेला कसा?

ठाण्यात शुक्रवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा वार. वागळे इस्टेटमध्ये त्या दिवशी शटर खाली असतात आणि विजेच्या देखभालीची कामंही त्याच दिवशी काढली जातात. अशाच एका शुक्रवारी सकाळी तिथल्या एका छोट्या कारखान्याची वीज गेली. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली सांभाळणारा मुख्य कॉम्प्युटर, नेहमीप्रमाणे चालू होता आणि हिशेबनीस घरून लॉगिन करून बिलं चढवत होते. यूपीएस होता, पण त्याच्या बॅटऱ्यांनी केव्हाच मान टाकली होती. मशीन धाडकन बंद पडलं. शनिवारी सकाळी मालकांचा (त्यांना मी काका म्हणतो) मला फोन आला. "अरे, हिशेबाची फाइलच उघडत नाहीये. पण घाबरायचं कारण नाही ना? तूच दोन-दोन डिस्क बसवल्यायस."

बसवल्या होत्या खऱ्या. शिवाय सर्व्हरच्या मागे यूएसबीची तिसरी डिस्क कायमची लावून ठेवली होती, तिच्यावर रोज रात्री अकराला आपोआप कॉपी व्हायची. मी जाऊन पाहिलं तर तिन्ही डिस्क ठणठणीत होत्या. आणि तिन्हींवर तीच एक मोडकी फाइल होती.

लहान धंद्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. काकांच्या त्या फोनला मी तेव्हा धड उत्तर देऊ शकलो नाही. आणखी एक प्रश्न मला हल्ली सारखा विचारला जातो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आजूबाजूला खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहतायत, ती डेटा सेंटर, म्हणजे अनेकांचे सर्व्हर एकत्र ठेवायच्या जागा. "तिकडे ठेवलं की कटकट मिटली ना?" या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून इथे एकदमच घेतो.

## डिस्क मरतेच

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारी सुई केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगते. अशी वस्तू वर्षानुवर्षं चालते हेच नवल. हजारो डिस्क वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा अनुभव असा की शंभरातल्या एक-दोन डिस्क दरवर्षी जातात. आकडा छोटा वाटतो. पण तुमच्याकडे शंभर नाहीत, एकच आहे, आणि ती त्या एक-दोनांतली निघेल की नाही हे कुणी लिहून देत नाही.

म्हणून १९८८ मध्ये बर्कलीच्या तीन संशोधकांनी एक कल्पना मांडली: महागडी एकच डिस्क घेण्याऐवजी साध्या अनेक डिस्क एकत्र बांधा, म्हणजे एक गेली तरी काम थांबणार नाही. याला रेड म्हणतात. त्याचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे आरसा. जे पहिल्या डिस्कवर लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. काकांकडे हाच होता.

दुसरा प्रकार जरा हुशारीचा आहे. वाशीच्या बाजारात तीन गोण्या तोलल्या असं समजा. ५०, ४८ आणि ५२ किलो. तिघांच्या तीन पावत्या केल्या आणि चौथ्या चिठ्ठीवर फक्त बेरीज लिहिली, १५०. आता कुठलीही एक पावती फाटली तरी बेरजेतून उरलेल्या दोन वजा करून ती परत लिहिता येते. तीन डिस्कचा माल राखायला एकच जादा डिस्क पुरते ती अशी. दोन पावत्या एकदम गेल्या तर मात्र बेरीज हातात असून काही उपयोग नाही. आणि असं होतं बरं का. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात, सारख्याच झिजलेल्या. एक मेली की नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उभी करायला बाकीच्यांना तासन् तास राबावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच दुसरी धाप टाकते.

## आरसा म्हणजे कार्बन कॉपी

बिलबुकात कार्बन पेपर घालून लिहिताना वर "५,०००"च्या जागी "५०,०००" पडलं तर खालच्या पानावरही पन्नास हजारच उमटतात. कार्बनला बरोबर-चूक कळत नाही. आरशाच्या डिस्कचंही तसंच. वीज गेली तेव्हा फाइल अर्धवट लिहिली गेली, ती दोन्हीकडे अर्धवट लिहिली गेली. कुणी चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो.

आरसा एकाच संकटासाठी असतो: डिस्क नावाचा लोखंडाचा तुकडा मेला तर दुकान बंद पडू नये. ते काम तो चोख करतो. पण डिस्क विकणारे आणि बसवणारे (यात मीही आलो) "दोन कॉप्या आहेत" असं सांगून मोकळे होतात, आणि ऐकणाऱ्याला तो बॅकअप, म्हणजे माहिती बिघडली तर परत आणता येईल अशी वेगळी राखीव प्रत, वाटतो. खरं तर दुकान उघडं आहे का हा एक प्रश्न, आणि आतला माल शाबूत आहे का हा निराळा. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज हाच.

मग यूएसबीच्या डिस्कचं काय झालं? फाइल शुक्रवारी सकाळी मोडली. संध्याकाळी वीज आली, सर्व्हर आपला आपण सुरू झाला. सुट्टी असल्यामुळे कुणी फाइल उघडून पाहिलीच नाही. रात्री अकराला ठरलेली कॉपी झाली आणि गुरुवार रात्रीच्या चांगल्या फाइलवर शुक्रवारची मोडकी फाइल बसली. पाटी पुसून त्याच पाटीवर लिहिण्यासारखं झालं ते. आम्हाला हवी होती ती पाटी नव्हे, तारखांची वही: सोमवारची प्रत वेगळी, मंगळवारची वेगळी. साधारण शेवटचे सात दिवस, त्यामागचे चार आठवडे आणि त्यामागचे बारा महिने इतक्या प्रती ठेवल्या की बहुतेक धंद्यांचं भागतं. मोडलेली फाइल लगेच लक्षात येते असं नाही, कधी कधी महिन्याभराने कळतं की अमुक पार्टीचं खातंच गायब आहे.

मोबाइलवरच्या किंवा गूगलच्या ड्राइव्हला अनेकजण बॅकअप समजतात, त्यांनीही हेच लक्षात घ्यावं. आपोआप जुळवून घेणारा फोल्डर म्हणजे लांब ताणलेला कार्बन पेपर. इथे उडवलं की तिथेही उडतं. गूगल ड्राइव्हच्या कचराटोपलीत ते ३० दिवस पडून असतं, तेवढीच सवलत.

काकांचं नशीब असं की जीएसटीच्या रिटर्नसाठी हिशेबनीसांनी बारा दिवसांपूर्वी पेनड्राइव्हवर एक प्रत नौपाड्यात सीएंच्या ऑफिसात नेऊन दिली होती. ती चांगली निघाली. बारा दिवसांची बिलं, चलनं, पावत्या फायलींतून काढून दोन माणसांनी तीन दिवस बसून पुन्हा चढवली. म्हणजे "किती मागे जावं लागलं?" याचं उत्तर बारा दिवस, आणि "परत उभं राहायला किती वेळ लागला?" याचं उत्तर तीन दिवस. मोठ्या कंपन्यांत या दोन आकड्यांना भारदस्त इंग्रजी नावं आहेत. नावं सोडा. तुमच्या धंद्याला हे दोन आकडे किती चालतील ते आधी ठरवा, बाकी सगळी खरेदी त्यावरून ठरते. दिवसाला चार बिलं करणाऱ्याला एक दिवस मागे जाणं परवडतं. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याला एक तासही परवडत नाही.

## न्हावाशेवा आणि घाना

"तो विजेचा घोटाळा होता, आमचा यूपीएस नवा आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी ही आपल्याच परिसरातली गोष्ट.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि काही तासांत जगभर पसरला. जहाजवाहतुकीतल्या मर्स्क कंपनीचे हजारो कॉम्प्युटर त्याने निकामी केले. त्याच समूहाचं एक टर्मिनल न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात आहे, तेही ठप्प झालं आणि काम हाताने करायची वेळ आली. धागा युक्रेनमध्ये तुटला आणि कंटेनर अडकले उरणच्या रस्त्यावर.

मर्स्ककडे प्रतींची कमतरता नव्हती. कोण कर्मचारी, कुणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सगळेच एका फटक्यात गेले. वाचला तो फक्त घानामधला, कारण तिथे नेमकी तेव्हा वीज गेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटला होता. त्यावरची माहिती माणसाच्या हातून विमानाने इंग्लंडला नेली आणि तिथून कंपनी पुन्हा उभी केली. नुकसानीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

वागळे इस्टेटमध्ये वीज गेली म्हणून डेटा गेला आणि घानात वीज गेली म्हणून डेटा राहिला. प्रती किती आहेत हे मोजून भागत नाही, प्रश्न असा विचारायचा: अशी कुठली एकच गोष्ट आहे जी माझ्या सगळ्या प्रती एकदम बुडवेल? एकच आग, एकच पूर, एकच चोर, एकच पासवर्ड, एकच चुकलेला हात. काकांच्या तीन प्रतींचं उत्तर होतं, एकच टेबल.

या प्रश्नातूनच तीन-दोन-एक नावाचा नियम निघालाय: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. मी त्यात एक भर घालतो. निदान एक प्रत कशालाही जोडलेली नसावी. डिस्कवर कॉपी घेतली, केबल काढली, कपाटात ठेवली. जोडलेलीच नसेल तर व्हायरस तिथे जाणार कसा? क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या जागेवर, हेच वेगळ्या रीतीने साधतात. ठरावीक मुदतीपर्यंत खुद्द मालकालाही पुसता येणार नाही अशी कुलूपबंद प्रत ठेवता येते. सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या दस्तासारखं आहे ते. घरातली प्रत तुम्ही हरवाल, फाडाल, पण तिथली नोंद तुमच्या म्हणण्याने खोडली जात नाही.

## "तिकडे डेटा सेंटरमध्ये ठेवलं की झालं ना?"

निम्मं झालं. ऐरोली-महाप्याच्या त्या इमारतींमध्ये दोन-दोन बाजूंनी वीज येते, जनरेटर असतात, आग विझवायची यंत्रणा असते, दारावर पहारा असतो. हे सगळं वागळे इस्टेटच्या टेबलाखाली मिळणार नाही. तिथे तर २६ जुलै २००५ सारखा पाऊस आला तर टेबलाखालचा सर्व्हर सर्वांत आधी पाण्यात जाईल. (सर्व्हर जमिनीवर ठेवू नका. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी लेखाचं चीज झालं.)

पण हाउसिंग सोसायटीचा व्यवहार आठवा. लिफ्ट, पंप, वॉचमन, गच्चीची गळती हे सोसायटीचं. तुमच्या फ्लॅटचं कुलूप, गॅस बंद केला की नाही आणि किल्ली कुणाकुणाकडे आहे हे तुमचं. क्लाउडच्या करारातही हीच वाटणी असते. तुमच्या माणसाने फाइल उडवली, पासवर्ड फुटला, तर ते कंपनीच्या खात्यात धरलं जात नाही. जाहिरातीतली टक्केवारीही नीट वाचा. ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. आणि ते आकडे बहुधा दुकान उघडं असण्याचे असतात, माल शाबूत असण्याचे नव्हे.

इमारतही जळू शकते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या काहींचं सगळंच गेलं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. त्यातली एक होती सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचं सामाईक कपाट. तिथली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. बाहेर बॅकअप नव्हता. कारण दिलं गेलं ते असं की माहितीच इतकी प्रचंड होती की बाहेर प्रत ठेवणं जमलं नाही. इतक्या तंत्रप्रगत देशात हे घडलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आणि पुन्हा यूपीएसच!

तेव्हा डेटा सेंटर जरूर वापरा, पण ती तीनपैकी एक प्रत समजा.

## "आमच्यासारख्यांना कोण हॅक करणार?"

कुणी मुद्दाम तुमचं नाव घेऊन येत नाही. भुरटा चोर जिन्यावरून जाताना प्रत्येक दाराची कडी हलवून बघतो, जी उघडी ती त्याची. इंटरनेटवर ही कड्या हलवायची कामं प्रोग्राम करतात, दिवसरात्र. घरून काम करता यावं म्हणून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला आणि पासवर्ड कंपनीच्या नावापुढे १२३, असं दार मी ठाण्यात किमान डझनभर ठिकाणी पाहिलंय. आत शिरलेला खंडणीखोर प्रोग्राम, म्हणजे रॅन्समवेअर, तुमच्या फायलींना स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. पण त्याआधी तो जोडलेल्या डिस्क आणि बॅकअप शोधून तेच आधी नासवतो. सर्व्हरच्या मागे कायमची लावलेली डिस्क त्याला वाटेतच सापडते.

दिल्लीचं एम्स २३ नोव्हेंबर २०२२ ला अशाच हल्ल्यात सापडलं आणि कितीतरी दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंत सगळं कागदावर चाललं. पैसे देऊन सुटका होते का? कधी होते, कधी अर्धवट होते, कधी किल्लीच येत नाही. आणि पैसे देणारा गिऱ्हाईक म्हणून तुमचं नाव त्यांच्या वहीत चढतं.

इथे बॅकअपची मर्यादाही सांगितली पाहिजे. हल्लीचे हल्लेखोर कुलूप लावण्याआधी माहिती चोरून नेतात आणि ती उघड करायची धमकी देतात. त्यावर चांगल्यातला चांगला बॅकअप निरुपयोगी आहे. उपाय दोनच: कुणाला काय दिसावं हे आवळणं, आणि नको ती माहिती न ठेवणं. दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कामगारांच्या आधार कार्डांचे स्कॅन कशासाठी हवेत? नसलेलं चोरीला जात नाही.

किल्ल्यांचं म्हणाल तर बॅकअपचा पासवर्ड रोजच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा, आणि शक्य तिथे मोबाइलवर येणारा दुसरा कोडही. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद व्हायला हवं. माझ्यासारखा बाहेरचा माणूसही या यादीत येतो. तीसेक कारखान्यांचे पासवर्ड माझ्याकडे असतात, म्हणजे मी स्वतःच एक "एकच गोष्ट" आहे. काही मालकांना हे सांगितल्यावर ते हसतात. हसू नका, माझा लॅपटॉप कसा सांभाळतो ते विचारा.

बाहेर नेली जाणारी डिस्क कूटबद्ध हवी, म्हणजे तिच्यावरची माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये. लोकलमध्ये बॅग विसरायला किती वेळ लागतो? पण मग ती किल्लीही जपावी लागते. विंडोजच्या कुलपाची सुटकेची किल्ली ४८ आकडी असते. ती त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करून ठेवणारे भेटतात. कागदावर छापा आणि दागिन्यांच्या लॉकरमध्ये ठेवा.

## कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो, बाकी सीएंना विचारा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी असाल तर आठ आर्थिक वर्षं, आणि कॉम्प्युटरवरच्या हिशेबांची प्रत रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवायचा, हा २०२२ पासूनचा आदेश आहे. ग्राहकांची, कामगारांची वैयक्तिक माहिती ठेवणाऱ्यांसाठी २०२३ चा कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतायत. त्या नियमांत कूटबद्ध करणं, प्रवेशावर नियंत्रण आणि बॅकअप यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे, लेथ मशीनवाल्याला कुणी अडीचशे कोटी मागणार नाही. पण "आम्हाला ठाऊक नव्हतं" हे उत्तर यापुढे चालणार नाही.

## बॅकअप घेतला, पण परत आणून पाहिला का?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवर पुसायची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि वेळ आली तेव्हा त्यांतली एकही धड चालत नव्हती. बॅकअप होत नसल्याच्या सूचना मेलवर निघत होत्या, पण त्या मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी घेतलेली प्रत उपयोगी पडली. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, स्वतःच जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

हिरवी टिकमार्क बघून समाधान मानू नका. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपची डिस्क घ्या, वेगळ्या कॉम्प्युटरला लावा, फाइल उघडा, शेवटच्या दिवसाची बेरीज कागदावरच्या बेरजेशी जुळवा, आणि घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहून ठेवा. आगीच्या सरावासारखं. हे करायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. शुक्रवारची दुपार जाते.

काकांकडे आता आरसा आहे, तारखांच्या प्रती क्लाउडवर आहेत, आणि दोन डिस्क दर शनिवारी अदलाबदल होतात. एक कारखान्यात, एक त्यांच्या कळव्याच्या घरी. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्याची तारीख खडूने त्याच्या अंगावर लिहिलेली आहे. खर्चाचा बराच भाग त्या बॅटऱ्यांचाच होता. गेल्या महिन्यात आम्ही सगळं परत आणून पाहिलं. साडेतीन तास लागले. बिलं आली, खाती आली, पगारपत्रक आलं. मालाच्या खोक्यांवर चिकटवायच्या लेबलांचा नमुना मात्र कुठेच सापडेना. तो सर्व्हरवर कधी नव्हताच. डिस्पॅचच्या मावशींच्या कॉम्प्युटरवर, "नवीन फोल्डर २" मध्ये होता.